पंडिता रमाबाई : उपवासकाळी मनन करण्याजोगे एक चरित्र

परभणीहून पुण्याकडे आगगाडीने जाणाऱ्या प्रवाशास दौंड मागे पडल्यावर थोड्याच वेळात केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. गाडी तेथे थांबो वा न थांबो, ख्रिस्ती मनुष्याने त्या बाजूस एकवार दृष्टी टाकावी असे ते स्थळ आहे. ह्या गावी एका विदुषीने आपल्या आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे वेचली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. तो दिवस बुधवार होता. त्या वर्षी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण १६ एप्रिल रोजी आला होता. म्हणजे झावळ्यांच्या रविवारास अवघे चार दिवस उरले असता, उपवासकाळाच्या ऐन उत्तरार्धात, तिची यात्रा संपली. ही विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाई संस्कृत पंडिता होत्या, अनाथ विधवांच्या माउली होत्या, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. परंतु त्यांना ऐकू कमी येत असे, त्या व्यंगामुळे त्यांच्या मनातील एक मोठा हेतु मुळातच खुंटला, आणि पुढे त्यांनी आपल्या आश्रमात अंध मुलींसाठी निराळे घर उभारले, ह्या गोष्टी फारशा कोणी सांगत नाही. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी अंकात त्यांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे ते ह्याच बाजूने.

आरंभीच एक खुलासा करणे उचित होय. रमाबाईंचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला; त्या आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, आणि काही धर्मतत्त्वांविषयी त्यांचे त्यांच्या स्वतःच्या गुरुभगिनींशीही मतभेद होते. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश काढला, त्यात आपणांपासून वेगळ्या झालेल्या बंधुभगिनींमध्ये जी ख्रिस्ताची संपत्ती दिसेल ती आनंदाने ओळखावी असेच शिकविले आहे. तेव्हा त्या ओळखीने हे चरित्र वाचावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळी दंडक असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, आणि त्यापायी स्वजनांचा रोष पत्करून रानात आश्रम केला. पुढे विपन्नावस्था आली व कुटुंब यात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांस रानाबाहेर नेण्यात आले. त्या दिवसापासून त्यांस घर असे राहिलेच नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळामागून देऊळ; वडिलांनी पुराण सांगावे, श्रोत्यांनी शिधा द्यावा, आणि पुन्हा पुढची वाट धरावी.

ह्या भटकंतीत मुलीचे शिक्षण झाले ते आईच्या मुखातून. भल्या पहाटे लक्ष्मीबाई तिला उठवीत, जवळ घेत आणि श्लोक म्हणून दाखवीत. मुलीने ते ऐकून पाठ करावयाचे. पाटी नाही, शाळा नाही. हजारो श्लोक त्या बालिकेच्या जिव्हाग्री बसले ते केवळ कानांच्या द्वारे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात धरावी. देवाने तिला विद्या दिली ती ज्या द्वाराने दिली, तेच द्वार पुढे हळूहळू मिटत जावयाचे होते.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. अंगावरचे किडूकमिडूक विकून झाले, दिवसेंदिवस अन्नाचा कण मिळेना. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, आणि त्यांची दृष्टी गेली होती. मरणसमयी त्यांनी आपल्या ह्या धाकट्या, लाडक्या मुलीस जवळ ओढले. डोळ्यांनी ती दिसत नव्हती. म्हणून त्यांनी तिला घट्ट धरून तिचे डोके व गाल कुरवाळले, आणि सन्मार्गाने चालून आयुष्यभर देवाची सेवा करण्यास सांगून तिला देवाच्या हाती सोपविले. अनंतशास्त्र्यांस ख्रिस्त ठाऊक नव्हता. तथापि कन्येने पुढे उतारवयात आपली साक्ष लिहिली तेव्हा, त्या अंध पित्याने आपणांस ज्याच्या हाती दिले त्यानेच आपला मार्ग काढला, असा तिचा भाव होता. अंध माणसाच्या हातांचा तो स्पर्श ती कधी विसरली नाही.

वडिलांच्या मागून आई गेली, थोरली बहीण गेली. उरली ती रमाबाई व बंधू श्रीनिवासशास्त्री. ह्या दोघा भावंडांनी हजारो मैल पायी तुडविले. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरुणाची सोय नव्हती, म्हणून त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

मान मिळाला, परंतु सुख टिकले नाही. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीस नेले. चोविसाव्या वर्षाच्या आत ही बाई मातापित्यांस, बहिणीस, भावास व पतीस अंतरली होती. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष वैद्यास आपले दुखणे सांगण्यास लाजतात व त्यापायी अनेकींचा प्राण जातो, म्हणून स्त्री शिक्षिकांप्रमाणे स्त्री डॉक्टरही हव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. दुसऱ्यास सांगून स्वस्थ बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. वैद्यक शिकून हे काम स्वतः करावे असा त्यांनी निश्चय केला आणि १८८३ साली लहान मनोरमेस घेऊन त्या विलायतेस गेल्या.

येथेच त्यांच्या कानांनी त्यांचा मार्ग अडविला. ऐकू कमी येण्याचा दोष आता वाढला होता व तो बरा होण्याजोगा नव्हता. डॉक्टरास रोग्याची छाती नळीने ऐकावी लागते, श्वासाचा व हृदयाचा सूक्ष्म ध्वनि ओळखावा लागतो. ज्याचे कान मंद, त्यास ते काम कसे साधावे? वैद्यकाचा विचार सोडावा लागला. ज्या एका हेतूने समुद्र ओलांडला, तोच निष्फळ झाला. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या त्या आपल्या नात्यातील आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी. जी पदवी आपणांस मिळावी अशी आकांक्षा धरली होती, ती दुसऱ्या महाराष्ट्रकन्येस मिळताना त्यांनी पाहिली, आणि तिच्या आनंदात भाग घेतला.

परंतु विलायतेत देवाने त्यांच्यासाठी दुसरे काही योजिले होते. वाँटेज येथील संत मेरीच्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींनी रमाबाईंस लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपला आश्रम दाखविला. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांस तेथे मायेने वागवीत व पुन्हा उभे करीत. अशा स्त्रियांशी कोणी इतक्या कोमलतेने वागू शकतो हे रमाबाईंनी कधी पाहिले नव्हते. ह्याचे कारण विचारता त्या भगिनींनी त्यांस योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या कथेने रमाबाईंचे अंतःकरण जिंकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा स्नानसंस्कार झाला. त्यानंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहून त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या आश्रमासाठी सहाय्य मिळविले. समोरच्याचे बोलणे नीट ऐकू न येणाऱ्या बाईने परक्या देशात सभा जिंकाव्यात, ह्यात किती धैर्य लागले असेल ह्याची कल्पना ज्याचे कान मंद आहेत त्यासच यावी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्या वर्षी राखेचा बुधवार ६ मार्चला होता. म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी हे कार्य सुरू झाले. त्याच उपवासकाळात, तेथून हजारो मैल दूर, पॅसिफिक महासागरातील मोलोकाई बेटावर एक कॅथॉलिक धर्मगुरू मरणपंथास लागले होते. ते फादर डेमियन होत. १८७३ साली महारोग्यांच्या वसाहतीत सेवेसाठी गेलेले हे बेल्जियन धर्मगुरू त्याच रोगाने पंगू होऊन १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, प्रभूकडे गेले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. दोघांची ओळख नव्हती, पंथ निराळे, देश निराळे. परंतु एकाच उपवासकाळात एकाने आपले रोगजर्जर शरीर प्रभूच्या हाती ठेवले आणि दुसरीने आपल्या मंद कानांसह अनाथांच्या सेवेस आरंभ केला. विश्वासू मनास एवढ्यावरूनही बोध घेता येतो.

शारदासदन पुढे पुण्यास गेले. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतरंगात मोठा पालट झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त अजून गवसला नाही, असे त्यांस जाणवले. आणि त्या तारणाऱ्यास त्या संपूर्ण शरण गेल्या. त्यानंतर १८९३ साली आश्रमातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात असा गवगवा होऊन अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, व पूर्वीचे सल्लागार सोडून गेले. पालकांची भीती समजण्यासारखी होती. रमाबाईंचे दुःखही तितकेच खरे होते. त्या डगमगल्या नाहीत.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपल्या बालपणीची भूक आठवून रमाबाई तिकडे धावल्या व शेकडो मुलींस घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध पडले होते. म्हणून केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभारून त्यांनी ह्या मुलींची सोय केली. तेच मुक्तिसदन. दोन-तीन वर्षांतच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ आला. त्याची झळ निजामी राज्यातील आपल्या मराठवाड्यासही लागली होती. गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दुष्काळ नुसते प्राण नेत नाही. तो डोळेही नेतो. हिरवा पाला, दूध, लोणी अंगास मिळाले नाही म्हणजे मुलास प्रथम रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडते आणि शेवटी फुटते. त्यातच देवी आल्या तर उरलीसुरली दृष्टी जाते. अशा कितीतरी मुली त्या काळी रस्त्यावर पडल्या होत्या. धडधाकट मुलीस कामासाठी तरी कोणी घरात घेई. आंधळीस कोण घेणार? रमाबाईंनी त्यांस घेतले. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या होत्या. ब्रेल लिपी त्यांनी आत्मसात केली होती. मायलेकींनी अंध मुलींसाठी स्वतंत्र घर केले आणि त्यास यरीहोच्या वाटेवरील अंध भिकारी बार्तीमय याच्या नावावरून बार्तीमी सदन असे नाव दिले. मुंबईतही १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड ह्या बाईंनी दुष्काळात सापडलेल्या अंध मुलांसाठी शाळा काढली होती. महाराष्ट्रात अंधांच्या शिक्षणाचा पाया अशा रीतीने भुकेच्या दिवसांत घातला गेला.

ब्रेल लिपीविषयी दोन शब्द येथे अस्थानी होणार नाहीत. तिचा कर्ता लुई ब्रेल हा १८०९ साली फ्रान्सात जन्मला. बाप खोगीर-लगाम करणारा. त्याच्या कारखान्यात खेळताना आरी लागून ह्या बालकाचे डोळे गेले. मोठेपणी तो पॅरिसच्या अंधशाळेत शिक्षक झाला, आणि श्रद्धाळू कॅथॉलिक असल्याने तेथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवून मिस्साबलिदानात सेवा करीत असे. कागदावर उठविलेल्या सहा टिंबांच्या मांडणीतून त्याने सर्व अक्षरे साधली. डोळस लोकांनी अंधांसाठी केलेल्या युक्त्या फसल्या होत्या. एका अंधाने केलेली युक्ती जगभर पसरली. त्या टिंबांवर केडगावच्या मुलींची बोटे फिरू लागली, आणि ज्यांस वाचता येणे अशक्य मानले होते त्या देवाचे वचन स्वतः वाचू लागल्या.

ह्या घराचे वैशिष्ट्य असे की तेथे अंध मुलींस नुसते बसवून खाऊ घालीत नसत. त्या शिकत, हातकाम करीत, आश्रमाच्या प्रार्थनेत व कामात इतरांप्रमाणे भाग घेत. वृद्ध व अशक्त स्त्रियांसाठी प्रीतिसदन, वाट चुकलेल्यांसाठी कृपासदन, अशी निरनिराळी घरे होती. शेती, माग, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच चालवीत. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणातच देव पाहिला, हे आपल्या जिल्ह्यातील लेकराबाळांसही ठाऊक आहे. काम म्हणजेच भक्ती, ही महाराष्ट्राच्या मातीतील शिकवण केडगावात ख्रिस्ताच्या चरणी वाहिली गेली. ऐकू न येणारी माता आणि न दिसणाऱ्या लेकी. एकीचे उणे दुसरीने भरून काढावे, असा तो संसार होता.

रमाबाईंचे कान उत्तरोत्तर अधिकच बधिर झाले. लोकांच्या गप्पागोष्टी दुरावल्या, तसे त्यांचे मन दुसऱ्या एका कार्यात अधिकाधिक रमले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र नव्हते. ते मूळ भाषांतून करावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचे अध्ययन केले आणि वर्षानुवर्षे एकटीने भाषांतर चालविले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे आश्रमातील मुलींनी केली. मध्ये १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु त्यांचे लक्ष पदकाकडे नव्हते.

१९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची एकुलती एक कन्या, सर्व कार्याची वारस, आईच्या आधी गेली. ज्या बाईने तारुण्यात सारे आप्त गमावले होते, तिची ही शेवटची माणूसही हिरावली गेली. वृद्ध, बधिर, आजारी आई पुन्हा मेजाशी बसली. काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, एवढीच तिची प्रभूपाशी याचना होती असे सांगतात. उपवासकाळाच्या त्या दिवसांत शेवटची मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिने डोळे मिटले. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडले ते १९२४ साली. ते पाहण्यास ती नव्हती. मुक्तिसदनाचे कार्य मात्र केडगावात आजही चालू आहे.

चरित्र येथे संपले. आता उपवासकाळाशी त्याचा संबंध पाहू.

आपल्या उपासनेच्या पाठक्रमात पहिल्या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी शोमरोनी स्त्रीचे, आणि चौथ्या रविवारी जन्मांध मनुष्याचे शुभवर्तमान वाचले जाते. प्राचीन काळापासून हे पाठ स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्यांसाठी योजिलेले आहेत. रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन रविवार एकामागून एक आले असे म्हणता येईल. विहिरीवरच्या स्त्रीने त्यांस ख्रिस्ताकडे आणले, आणि ख्रिस्ताने त्यांस अंधांकडे पाठविले.

त्या चौथ्या रविवारच्या पाठात शिष्य प्रभूस विचारतात की हा मनुष्य आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, त्याच्या की त्याच्या आईबापांच्या? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा खरा, पण आपल्या गावांतून तो अजून मेलेला नाही. मूल मुके-बहिरे किंवा पांगळे जन्मले म्हणजे शेजारीपाजारी कुजबुजतात. कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणतो, कोणी आईचा दोष काढतो. ख्रिस्ती घरांतही हा विचार मागच्या दाराने शिरतो आणि आई आपल्या मुलास मिस्साला आणण्यास संकोचते. प्रभूने ह्या प्रश्नास थारा दिला नाही. त्याने कोणाचेही पाप काढले नाही. ह्या मनुष्याच्या ठायी देवाची कार्ये प्रकट व्हावयाची आहेत, एवढेच सांगितले.

ती कार्ये नेहमी चमत्काराच्या रूपानेच प्रकट होतात असे नाही. जन्मांधास दृष्टी मिळाली. रमाबाईंचे कान शेवटपर्यंत बरे झाले नाहीत. त्यांनी प्रार्थना कमी केली काय? त्यांचा विश्वास उणा होता काय? मुळीच नाही. जे म्हणतात की श्रद्धा पुरेशी असती तर व्याधी गेली असती, त्यांनी केडगावकडे पाहावे. देवाने ते कान उघडले नाहीत, पण त्या बधिरतेतूनही वाट काढली. वैद्यक शिकता आले असते तर त्या एक नामांकित डॉक्टर झाल्या असत्या, आणि तेही सत्कृत्यच ठरले असते. ते दार मिटले म्हणून त्यांनी देवावर रुसून बसणे पत्करले नाही. जे दार उघडे होते त्यातून त्या गेल्या. ह्याचा अर्थ व्यंग ही गोड वस्तू आहे असा नव्हे. ते दुःखच आहे, आणि औषधाने, यंत्राने, शिक्षणाने जेवढे हलके करता येईल तेवढे केलेच पाहिजे. परंतु त्या दुःखाने मनुष्य देवाच्या कामास निरुपयोगी होत नाही, हा ह्या चरित्राचा धडा आहे.

ख्रिस्तसभा ह्या चाळीस दिवसांत आपणांस प्रार्थना, उपवास व दानधर्म ही तीन साधने देते. त्यांपैकी दानाविषयी आपली समजूत बहुधा अपुरी असते. देवळाच्या पायरीवर बसलेल्या आंधळ्याच्या हातात नाणे ठेवून आपण आत जातो, आणि तो बाहेरच राहतो. यरीहोच्या लोकांनी बार्तीमयास दटावून गप्प बसविण्याचा यत्न केला होता. आपण दटावीत नाही, नाणे देऊन गप्प करतो, एवढाच भेद. प्रभूने थांबून त्यास जवळ बोलाविले व काय हवे ते त्यालाच विचारले. रमाबाईंनी नाणे दिले नाही. त्यांनी घर दिले, लिपी दिली, काम दिले, प्रार्थनेत जागा दिली. ते खरे दान.

आपल्या धर्मग्रामाने ह्या महोत्सवी वर्षी स्वतःस काही प्रश्न विचारावे. आपल्या चर्चच्या पायऱ्या चाकाच्या खुर्चीस चढता येतात काय? बधिर बंधूस प्रवचनाचा सारांश कोणी लिहून देतो काय? क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत चौदा स्थानांपैकी एखादे स्थान आपण अंध भगिनीस म्हणावयास देतो काय, की तिने केवळ ऐकावे अशीच आपली अपेक्षा असते? मतिमंद मुलास ख्रिस्तशरीराच्या संस्काराची तयारी करून देण्यास कोणी तरुण पुढे येतो काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक स्थळे सर्वांस मोकळी असावीत असे सांगितलेच आहे. पण कायद्याच्या आधी आपणांस प्रभूची आज्ञा आहे, आणि ती पायऱ्यांपाशी थांबत नाही.

क्रुसाच्या वाटेवर स्वतः प्रभू तीनदा पडला. त्याचे हातपाय खिळ्यांनी जखडले गेले, आणि पुनरुत्थानानंतरही त्या जखमांच्या खुणा त्याने आपल्या गौरवी देहावर ठेवल्या. ज्याच्या देहावर काही खूण आहे, त्याने प्रभूपासून आपण दूर आहो असे कधी मानू नये. केडगावच्या त्या पंडितेने तसे मानले नाही. ५ एप्रिल हा तिचा स्मृतिदिन बहुतेक वर्षी उपवासकाळात किंवा पुनरुत्थानकाळाच्या आरंभी येतो. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील एखाद्या अंध, बधिर वा पंगू बंधुभगिनीच्या घरी जावे, त्यांस काय हवे ते विचारावे, आणि ते ऐकावे. आपले कान तर शाबूत आहेत. त्यांचा एवढा उपयोग झाला तरी हा उपवासकाळ व्यर्थ गेला नाही असे म्हणता येईल.

प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.